शुल्कमाफी झाली, निर्वाहाचे काय?

मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. प्रारंभी ते केवळ परीक्षा घेई. अध्यापन महाविद्यालयांत चाले. समाजशास्त्र, अर्थशास्त्र असे स्वतःचे विभाग त्याने उभारले ते पुढे विसाव्या शतकात. ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा यांसाठी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली चार लाख रुपये दिले, हे पुष्कळांना ठाऊक असते. विद्यार्थ्याच्या जेवणाचा खर्च कोणी सोसला, ही हकीकत मात्र सहसा कोणी सांगत नाही.

विद्यापीठाच्या पहिल्या पिढीतील रानडे आणि भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. पेशवाईत श्रावणात वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा निधी इंग्रजी अमलात या कामी वळविण्यात आला होता. (त्या निधीचा लाभ कोणत्या जातीपुरता मर्यादित होता, हे विसरता येत नाही.) डॉ. आंबेडकर एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असता त्यांना सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा २५ रुपये मिळत. या दोन्ही साहाय्यांत पैसा निर्वाहासाठी थेट विद्यार्थ्याच्या हाती येई.

स्वातंत्र्यानंतर साहाय्याचा भर शुल्कावर आला. १९५९ च्या ईबीसी सवलतीने खेड्यापाड्यांतील हजारो मुलांना महाविद्यालयाचे दार उघडले. २०२४ साली आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ झाले. हे निर्णय स्वागतार्ह आहेत, यात शंका नाही. परंतु सिंधुदुर्गातून कलिन्याला एम.ए.साठी आलेल्या मुलाच्या खर्चात शुल्काचा वाटा कितीसा असतो? खोलीचे भाडे, खानावळ, लोकलचा पास आणि गावी राहिला असता तर मिळाली असती ती मजुरी, हा त्याचा खरा खर्च. शेवटची बाब कोणत्याही अर्जात लिहावी लागत नाही, म्हणून शासनाच्या हिशेबातही ती येत नाही.

वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आली, तेव्हा मुंबईकरिता वर्षाला ६० हजार रुपये ठरले. म्हणजे महिन्याला पाच हजार. एवढ्यात मुंबईत एक खाट मिळेल किंवा दोन वेळचे जेवण. तीच रक्कम सत्र उलटल्यावर हाती आली, तर तोवरचे महिने उसनवारीवर काढावे लागतात. ज्या घराला उसने देणारे कोणी नाही, तेथील मुलगा मध्येच गावी परततो आणि कागदोपत्री 'गैरहजर' ठरतो.

यावरचा उपाय फार खर्चाचा नाही. प्रवेश निश्चित होताच निर्वाहाचा पहिला हप्ता आगाऊ द्यावा आणि कागदपत्रांची छाननी मागाहून करावी. एखादा अपात्र निघाल्यास पुढील हप्ते रोखता येतात. सरकारी नोकराला सणासाठी उचल मिळते, ती याच विश्वासावर.