शब्दांचे बनावट जन्मदाखले

परप्रांती नेमणूक झालेल्या मराठी मंडळींची बैठक जमली, की चहा-चिवड्यानंतर एक खेळ हमखास निघतो. एकाने कोणताही निरर्थक शब्द उच्चारावयाचा आणि इतरांनी त्याची विनोदी व्याख्या करावयाची. 'लेंड' म्हणजे काय? सहकाऱ्यास उसनी दिलेली ती रक्कम, जी त्याच्या बदलीचा हुकूम निघाल्यावरच आपणांस आठवते. 'वकट' म्हणजे काय? वरिष्ठांपुढे वर्षानुवर्षे वाकल्यामुळे पाठीस आलेला कायमचा आकार. हशा पिकतो आणि त्या हशात आम्हीही सामील असतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि गडकरी ज्या भाषेत होऊन गेले, त्या भाषेच्या माणसाने कोटीवर रागावणे शोभत नाही. आमचा राग कोटीवर नाहीच. रात्री केलेली कोटी सकाळी इतिहासाचा अंगरखा चढवून कचेरीत हिंडू लागते, त्यावर आहे.

तंजावरास बदलून आलेल्या प्रत्येक मराठी माणसास पहिल्या आठवड्यातच कोणीतरी सांबाराची कथा ऐकवितो. शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटी शिजत होती, आमसुले संपली, चिंच घालून वेळ निभावली, पाहुणे आलेल्या छत्रपती संभाजी महाराजांस पदार्थ रुचला, म्हणून 'संभा' आणि 'आहार' मिळून 'सांबार'! ऐकणाऱ्याची छाती फुगते. दुपारी खानावळीत केळीच्या पानावर वाढलेल्या भाताच्या ढिगाकडे तो मुलूखगिरीवर निघाल्यासारखा पाहू लागतो.

आम्ही पडलो कारकून. टिपणीस पूर्वसंदर्भ जोडलेला नसला, तर फाईल परत येते, हे आमच्या हाडीमासी खिळलेले. या कथेची फाईल उघडावी तर पहिल्याच पानावर अडते. तंजावरचे शहाजीराजे १६८४ मध्ये गादीवर आले, तेव्हा त्यांचे वय अवघे बारा. संभाजी महाराजांचा अंत १६८९ मधला. म्हणजे औरंगजेब दक्षिणेत ठाण मांडून बसला असता, त्या पाच वर्षांत छत्रपतींनी तंजावरास येऊन एका कोवळ्या राजाच्या हातची आमटी चाखली, असे मानावयाचे. बरे, आमसूल हे कोकणचे. चिंच देशावर गावोगावच्या शिवेवर उभी. वेरूळ-पुण्याकडून आलेल्या घराण्यास चिंच म्हणून काही असते, हा शोध कावेरीच्या काठी लागला म्हणावयाचे काय?

शब्दाकडे पाहावे तर प्रकरण आणखीच फसते. संस्कृतात 'संभार' म्हणजे जमविलेले साहित्य. स्वयंपाकघरात त्याचा अर्थ मसाल्याकडे झुकला. १५३० च्या एका तमिळ शिलालेखात हा शब्द याच अर्थाने येतो, असे अभ्यासक दाखवितात. व्यंकोजीराजे तंजावरचे धनी झाले, ते त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी. आणि आपल्या विदर्भात कोथिंबिरीसच सांबार म्हणतात, सांबारवडी करतात. कथा खरी धरली, तर महाराजांस कोथिंबिरीचे जनकत्वही द्यावे लागेल. ज्या पुरुषाने मरणांतिक यातना सोसल्या, त्याच्या नावाचा उपयोग आपण पातळ वरणाची प्रतिष्ठा वाढविण्याकडे करावा, यात त्याचा गौरव कोठे आहे, ते आम्हांस उमगत नाही.

तंजावरच्या भोसले दरबारात खाण्यापिण्याविषयी लिहिले गेलेच नाही, असेही नव्हे. रघुनाथ गणेश नवहस्त यांचा 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ याच दरबाराच्या आश्रयाचा. सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यातील पाककृती 'सरभेंद्र पाकशास्त्रम्' या नावाने सरस्वती महाल ग्रंथालयाने छापल्या, आणि त्या मुळात मराठीत आहेत. सांबाराची कथा सांगणाऱ्या एकाही सद्गृहस्थाच्या टेबलावर यांपैकी एकही पुस्तक आम्ही पाहिलेले नाही.

येथवरची गोष्ट हसून सोडून देता आली असती. पण याच खोडीची दुसरी बाजू कडू आहे. ज्या शब्दात राजा असतो, त्यास आपण खोटा जन्मदाखला देतो. ज्यात राजा नसतो, तो खरा आपला शब्दही आपण निरर्थक ठरवितो. एका मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातील एक वृद्ध बाई आल्या होत्या. त्यांनी घरून डांगर करून आणिले होते. व्यासपीठावर तोच खेळ चाललेला. नुकत्याच बदलून आलेल्या एका अधिकाऱ्याने पातेल्यात डोकावून विचारिले, "आजी, यात डांगर कोठे आहे?" त्याच्या गावी डांगर म्हणजे लाल भोपळा. आजींनी उडदाचे भाजलेले पीठ, दही, फोडणी असे सांगावयास आरंभ केला, तोच त्याने ध्वनिक्षेपकावरून व्याख्या जाहीर केली: "डांगर म्हणजे ज्यात भोपळा नाही असे भोपळ्याचे भरीत!" सभागृह हसले. आजीही हसल्या आणि पातेल्यावर झाकण ठेवून बसल्या.

वस्तुतः उडदाच्या पिठाचे ते तोंडीलावणे महाराष्ट्रातही अनेक घरी डांगर याच नावाने होते. तमिळ घरांतून 'डांगर पच्चडी' आजही वाढली जाते. तीन शतकांहून अधिक काळ एका घराण्याने जो शब्द पदार्थासकट जपला, तो शब्द एका ओळीच्या विनोदाने आपण त्यांच्या तोंडातच परतविला. पुढल्या संमेलनास त्या बाई आल्या नाहीत. तंजावरच्या मराठीतील किती शब्द असे झाकणाखाली गेले असतील, याचा हजेरीपट कोणी ठेविलेला नाही.

अर्थ नसलेला शब्द आणि आपणांस अर्थ न कळलेला शब्द, हे दोन निराळे. पहिल्या जातीचा उत्तम नमुना तंजावरातच सापडतो. सरफोजीराजांच्या दरबारी असलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु या चार बंधूंनी नृत्याची जी परंपरा बांधिली, तीत 'तकधिमि', 'तकिट' हे बोल चालतात. त्यांना अर्थ नाही, पण एक मात्रा चुकली तर नर्तकीचा पाय चुकतो. त्यांची व्याख्या करावी असे कोणास वाटत नाही, कारण ते आपले काम चोख करितात.

दुसऱ्या जातीचे शब्द मात्र आपल्या बालपणातच आहेत. ज्या 'वकट' आणि 'लेंड' यांवर आमच्या बैठकीत हशा पिकतो, ते विटीदांडूतले. वकट, लेंड, मूंड, नाल हे ओरडत आम्ही विट्या टोलविल्या, आणि ते पोरखेळातले निरर्थक शब्द अशी आमचीही समजूत होती. तंजावरच्या बाजारात भाजीवालीने 'ओन्नु, रेंडु, मूनु, नालु' करून वांगी मोजून दिली, तेव्हा कान टवकारले. तिचा 'रेंडु' आमच्या 'लेंड'चा भाऊबंद दिसत होता, पण 'ओन्नु' काही 'वकट'शी जुळेना. कचेरीतील एका तेलुगू सहकाऱ्यास विचारिले. तो म्हणाला, ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. बोलताना त्याच्या तोंडी पहिला शब्द 'वोकटि' असाच उमटला. म्हणजे महाराष्ट्रातील पोरे पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू अंक मोजीत खेळत होती, आणि त्यांचे पदवीधर बाप त्यांवर कोट्या करीत होते! पाचव्यापासून गावोगाव पाठभेद आहेत, पण पहिले चार इतके स्वच्छ आहेत, की तेलुगू शेजाऱ्यास एकदा विचारिले असते तर भागले असते. हे नाते विद्वानांनी पूर्वीच नोंदविलेले. आम्हांस मात्र ते वांग्यांच्या हिशेबात भेटले.

विश्वनाथ खैरे हे पेशाने अभियंते. नोकरीच्या निमित्ताने मद्रासेस राहिले असता ते तमिळ शिकले, आणि आपल्या अंगाईगीतांतील, ओव्यांतील न कळणारे शब्द तमिळाच्या उजेडात धरून पाहू लागले. 'अडगुलं मडगुलं' या नावाचे त्यांचे पुस्तकच आहे. त्यांची प्रत्येक व्युत्पत्ती आम्हांस पटते असे नाही. काही ठिकाणी त्यांचा उत्साह पुराव्याच्या पुढे धावतो. परंतु न कळलेल्या शब्दापुढे त्यांनी हशा न पिकविता कोश उघडला. तेही आपल्यासारखेच बदलीचे प्रवासी होते. आम्ही मात्र तीन-तीन वर्षे येथे काढून 'तण्णी' आणि 'एव्वळवु' या दोन शब्दांवर संसार रेटतो, आणि तमिळ म्हणजे डब्यात खडे वाजविणे ही जुनी कोटी प्रत्येक नव्या सहकाऱ्यास ऐकवितो.

मोठ्या देवळाच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला. रविवारी पाहुण्यांस तो दाखविताना आपण दगडास हात लावून छायाचित्र काढितो; दहा ओळी सलग वाचणारा आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. तंजावर राज्याच्या मोडी कागदांचे तमिळ भाषांतर तमिळ विश्वविद्यालयाने खंडशः प्रसिद्ध केले. हे विद्यापीठ १९८१ मध्ये निघाले, आणि त्याने आपल्या राजांचे कागद आपल्या शेजाऱ्यांस वाचावयास दिले. आज त्या दरबारात कोणास काय वेतन होते, कोणता जिन्नस कोठून आला, हे तंजावरचा तमिळ विद्यार्थी सांगू शकतो. आपण सांबार सांगतो.

"मग खेळ बंद करावा काय?" असे मंडळाचे चिटणीस आम्हांस रागाने विचारतील. मुळीच नाही. आमची सूचना एवढीच, की शब्द उच्चारल्यावर पहिली पाळी सभागृहात तो शब्द ज्याच्या घरी बोलला जातो त्याची असावी. मग ती आजी असो, तेलुगू पाहुणा असो, की चहा देणारा पोरगा. त्यांच्यापैकी कोणी बोलले नाही, तर व्याख्या खुशाल कराव्या. विटीदांडूतला शेवटचा 'झकू' तेलुगू 'एडु'शी काही केल्या जुळत नाही, तेव्हा तो तूर्त मोकळा आहे. त्यावर आमची व्याख्या आम्ही आजच नोंदवून ठेवितो: झकू म्हणजे सहा टिपण्या वर जाऊन आल्यानंतर सातवीवर पडणारा 'कृपया चर्चा करा' हा शेरा.