घुणाक्षराचे चित्र

आपल्या जुन्या पंडितांनी नित्याच्या अनुभवांना न्यायांची नावे देऊन ठेविली आहेत. कावळा बसावयास आणि ताडाचे फळ पडावयास एकच वेळ यावी, तो काकतालीय न्याय. लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या वाटेतून नकळत एखादे अक्षर उमटावे, तो घुणाक्षर न्याय. पहिला न्याय कावळ्याच्या आणि मोडलेल्या फांदीच्या म्हणीतून घरोघरी पोहोचला. दुसरा मात्र बहुतेक पोथ्यांतच राहिला. वस्तुतः चित्रकाराच्या कामाचे मर्म ह्या दुसऱ्या न्यायात अधिक आहे. किड्याला अक्षर ठाऊक नसते. जे उमटले ते अक्षर आहे, हे ओळखणारा साक्षर मनुष्य तेथे असावा लागतो. तो नसेल तर ते केवळ लाकडाला पडलेले भोक.

जबलपूरजवळ भेडाघाट येथे नर्मदा संगमरवरी खडकांतून वाट काढते. त्याच्या अलीकडे धुवाँधार नावाचा धबधबा आहे. पाणी कोसळून त्याचा धूर व्हावा तसे तुषार उडतात, म्हणून हे नाव. तेथे जलरंगांचे साहित्य घेऊन बसणाऱ्याच्या कागदावर तुषार पडल्यावाचून राहत नाहीत. अर्धवट सुकलेल्या रंगावर स्वच्छ पाण्याचा थेंब पडला, म्हणजे तो तेथील रंगाचे कण बाहेर ढकलतो. मध्ये फिकट ठिपका आणि भोवती गडद कड उरते. आकाशाच्या सपाट निळ्या रंगात असा ठिपका पडला, तर चित्र नासले असेच कोणीही म्हणेल. परंतु तोच ठिपका धबधब्याच्या पायथ्याशी पडला, तर कुंचल्याने तासभर खटपट करूनही साधले नसते असे तुषार तेथे आपोआप उमटतात. थेंब एकच, पाणी एकच. एका ठिकाणी ते चित्राचे वैरी ठरले आणि दुसऱ्या ठिकाणी सहकारी. फरक आहे तो जागेचा, आणि ती जागा पाहणाऱ्या डोळ्याचा.

पाण्याला असे सहकारी करून घेण्याची एक संपूर्ण परंपराच आपल्या देशात निर्माण झाली आणि तिचा एक धागा जबलपूरपर्यंत येऊन पोहोचला आहे. १९०३ साली जपानचे चित्रकार योकोयामा ताइकान कलकत्त्यास आले होते. ते काम करताना पाण्याने भिजलेला कुंचला चित्रावरून फिरवीत. ते पाहून अवनींद्रनाथ ठाकुरांनी एक पाऊल पुढे टाकले आणि रंगविलेले सबंध चित्रच पाण्यात बुडविले! सामान्य माणसास हा वेडेपणा वाटावा. पण वर राहिलेला सुटा रंग धुऊन गेला, कागदाच्या कणाकणांत मुरलेला रंग तेवढा टिकला आणि चित्रावर पहाटेच्या धुक्यासारखी तरलता आली. रंग द्यावा, सुकू द्यावा, पुन्हा पाण्यात भिजवावे, पुन्हा रंग द्यावा, अशी ही वॉश पद्धती बंगाली चित्रकलेची ओळख होऊन बसली. ह्या पद्धतीने काम करणारा चित्रकार प्रत्येक वेळी कागद पाण्यात सोडतो, तेव्हा आपल्या श्रमाचा काही भाग तो दैवाच्याच हाती देतो, असे म्हणावयास हरकत नाही. किती रंग राहील आणि किती जाईल, ह्याचा अंदाज त्याला असतो, खात्री नसते.

अवनींद्रनाथांचे शिष्य नंदलाल बसू, आणि शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलालांच्या हाताखाली शिकलेले जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा (१९२९–२००७). भारताच्या संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीतील उद्देशिकेचे पान ज्या नक्षीने वेढलेले आहे, ती नक्षी राममनोहरांची. पानाच्या खालच्या कोपऱ्यात ‘राम’ अशी त्यांची छोटीशी सही आहे. जबलपूरच्या शहीद स्मारकातील भित्तिचित्रांतही त्यांचा हात आहे. आता ही दोन प्रकारची कामे शेजारी ठेवून पाहावी. संविधानाच्या पानावर अक्षरे प्रेमबिहारी नारायण रायजादा ह्यांची. तेथे नक्षीची एकेक रेघ मापात बसवावयाची. पाण्याच्या लहरीला तेथे जागा नाही. ज्या शाळेने हा काटेकोरपणा शिकविला, त्याच शाळेने कागद निःशंकपणे पाण्यात सोडावयासही शिकविले. ह्या दोन गोष्टी परस्परविरुद्ध नाहीत. ज्याचा हात सरळ रेघ ओढावयास समर्थ आहे, त्यालाच रेघ कोठे सैल सोडावी हे कळते.

सैल सोडलेल्या रेघेचे सर्वांत मोठे उदाहरण खुद्द शांतिनिकेतनच्या संस्थापकांचे. रवींद्रनाथांना हस्तलिखितातील खाडाखोड उघडीवाघडी ठेवणे आवडत नसे. खोडलेले शब्द ते रेघांनी एकमेकांस जोडीत आणि त्यांतून कधी पक्षी, कधी एखादा विचित्र प्राणी आकार घेई. १९२४ साली अर्जेंटिनात मुक्काम असताना ‘पूरबी’ ह्या संग्रहाच्या हस्तलिखितातील अशा आकृत्यांनी त्यांच्या यजमान व्हिक्टोरिया ओकांपो ह्यांचे लक्ष वेधून घेतले. पुढे १९३० मध्ये पॅरिस येथे रवींद्रनाथांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले, त्यात ह्या बाईंचा मोठा वाटा होता. साठी उलटलेल्या कवीने मग दोन हजारांहून अधिक चित्रे काढली. आपण चुकलेला शब्द खोडतो आणि पुढे जातो. त्यांनी चुकलेल्या शब्दाकडे पुन्हा एकदा पाहिले.

काही योग असे तत्काळ फळत नाहीत. ते बीजासारखे पडून राहतात. जबलपूरच्या शेजारी, नर्मदेच्याच काठी मंडला जिल्हा आहे. तेथील बाबरिया गावी १९२२ साली सैयद हैदर रझा जन्मले. शाळेत ह्या मुलाचे चित्त ठिकाणावर नसे, म्हणून त्याच्या शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे पाहत बसावयास सांगितले. उपाय चंचल मुलाला शिस्त लावण्यापुरता होता. परंतु कित्येक दशकांनंतर, फ्रान्समध्ये नामवंत झालेल्या रझांच्या चित्रांत तोच ठिपका ‘बिंदू’ होऊन अवतरला आणि त्यांच्या कलेचे केंद्र बनला. २०१६ साली त्यांचे दफन मंडला येथेच, वडिलांच्या शेजारी झाले. गुरुजींनी खडूचा ठिपका काढला तेव्हा त्यांनाही त्याची कल्पना नसेल.

येथे कोणी असा प्रश्न करील की, हे सर्व दैवावरच अवलंबून असेल तर साधना कशासाठी? ह्या शंकेला प्राचीन ग्रीसमधील एक कथा उत्तर देते. ती रोमन ग्रंथकार प्लिनीने सांगितली आहे. प्रोटोजेनीस नावाच्या चित्रकाराला धापा टाकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडचा फेस मनासारखा साधेना. अनेकदा पुसून पुन्हा काढूनही तो रंगविलेला वाटे, तोंडातून आलेला वाटेना. अखेर त्याने संतापाने हातातील रंगाळलेला स्पंज चित्रावर फेकला, आणि नेमका हवा तसा फेस उमटला. ही कथा सांगताना लोक फेकलेल्या स्पंजाचे कौतुक करतात. त्या स्पंजात आधीच्या सर्व फसलेल्या प्रयत्नांचे रंग मुरलेले होते, हे विसरतात. शिवाय, उरलेला सबंध कुत्रा हुबेहूब रंगविलेला होता, म्हणूनच त्या डागाला फेसाचा अर्थ आला.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. सुखद योग एकदा आला, म्हणजे तो पुन्हा आणण्याचा मोह होतो. काल चुकून सांडलेला रंग शोभून दिसला, म्हणून आज मुद्दाम सांडणारा चित्रकार लौकरच स्वतःची नक्कल करू लागतो. त्या मोहापासून दूर राहण्यास धीर लागतो. १९२४ साली नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे ह्यांनी रूळ आणि सुरी वापरून रंग पसरावे, खरवडावे, त्यांना आपसूक आकार घेऊ द्यावा, अशी पद्धत स्वीकारली होती. तरीही वर्षाकाठी त्यांची चित्रे मोजकीच होत. कारण हात चालविण्यापूर्वी ते दीर्घकाळ पाहत बसत. रंगाला मोकळीक द्यावयाची. निवड मात्र आपली ठेवावयाची. रंग दहा गोष्टी सुचवील, त्यांतील नऊ नाकारण्याचे काम कलावंताचेच आहे.

हे केवळ मोठ्या चित्रकारांपुरते आहे असे मात्र नव्हे. घरात मूल चित्र काढीत असते, पाण्याची वाटी कलंडते, रंग पसरतो आणि मुलाचे डोळे भरून येतात. अशा वेळी ‘नासलास ना कागद!’ असे आपण चटकन म्हणून जातो. किंवा उलट, त्याचे मन राखण्यासाठी ‘किती छान झाले!’ असे खोटेच सांगतो. दोन्हींत त्या डागाकडे कोणी पाहिलेलेच नसते. त्यापेक्षा कागद हाती घ्यावा, उजेडात धरावा आणि मुलालाच विचारावे, ‘हे तुला कशासारखे दिसते?’ कदाचित त्याला त्यात ढग दिसेल, कदाचित म्हैस दिसेल. कदाचित काहीच दिसणार नाही, आणि मग नवा कागद घ्यावा लागेल. त्यातही काही बिघडत नाही. टाकून देण्यापूर्वी एकदा नीट पाहावे, एवढी सवय त्याला लागली तरी पुष्कळ झाले. किडा लाकूड पोखरीतच असतो; अक्षर ओळखण्याइतकी आपली साक्षरता मात्र ज्याची त्याने मिळवावयाची असते.