अ‍ॅडमिनने तुमची पोस्ट उडवली? ग्रुपवर भांडण्याआधी हे वाचा

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके वन खात्याच्या जुन्नर विभागात येतात. इथे बिबट्या दिसला की पहिली खबर आता गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात साधारण तीन आठवड्यांत तीन जणांचा जीव गेला. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला. त्याच दिवसांत एआयने बनवलेले बिबट्याचे फोटोही फिरू लागले. खरं कोणतं, खोटं कोणतं, कळेना. मग अ‍ॅडमिन मंडळींनी सरसकट पोस्ट उडवायला सुरुवात केली.

इथूनच वाद पेटतात. "माझा व्हिडिओ खरा होता, का काढला?" असं एकाने ग्रुपवर विचारलं की दुसरा त्याची बाजू घेतो, तिसरा अ‍ॅडमिनची. जुनी भाऊबंदकी, निवडणुकीतलं राजकारण, सगळं बाहेर येतं. मी पाहिलेल्या अशा एका वादात तासाभराने बिबट्या नेमका कोणत्या मळ्यात दिसला, हा मूळ मेसेजच सापडेना. माझ्या मते या भांडणांचा खरा तोटा हाच आहे. रात्री पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला जी माहिती हवी, तीच गाडली जाते.

अ‍ॅडमिन एवढे का घाबरतात?

"ग्रुपवर काही आलं तर अ‍ॅडमिन आत जाणार" हा समज आपल्याकडे पक्का आहे. प्रत्यक्षात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ ला गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात वेगळं सांगितलं. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी अ‍ॅडमिनला आपोआप दोषी धरता येत नाही. त्या कृत्यात दोघांचा समान हेतू होता हे दिसलं पाहिजे. ती घटना २०१६ ची होती. तेव्हा अ‍ॅडमिनच्या हातात माणसं घेणं आणि काढणं यापलीकडे फारसं काही नव्हतं. दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय २०२२ मध्ये आली.

म्हणजे अधिकार वाढला, पण भीती तशीच राहिली. तुमचा मेसेज उडवणारा बहुतेक वेळा तुमचा वैरी नसतो. तो घाबरलेला असतो, नाहीतर घाईत असतो.

मग करायचं काय?

१. थोडं थांबा. डिलीट झालेल्या मेसेजच्या जागी तो अ‍ॅडमिनने काढल्याचं नावासकट दिसतं. अ‍ॅडमिन चार असतील तर नेमकं कोणाशी बोलायचं ते तिथे कळतं.

२. त्याच अ‍ॅडमिनला पर्सनल मेसेज करा किंवा सरळ फोन लावा. चारचौघांत जाब विचारला की माणूस मागे हटत नाही. एकट्याशी बोललं की हटू शकतो.

३. पुरावा द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि कधी, कुठे काढला ही माहिती निघून जाते. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे ती माहिती टिकते.

४. मागणी एकच ठेवा. उदाहरणार्थ: "दादा, सकाळचा व्हिडिओ मी स्वतः आमच्या उसाच्या बांधावरून काढलाय. मूळ फाइल पाठवतोय. बघून घ्या आणि पटलं तर परत टाकू द्या. काही चुकत असेल तर सांगा."

व्हिडिओ तुम्ही काढलेला नसेल, नुसता फॉरवर्ड असेल, तर अ‍ॅडमिनचं ऐका. अफवा पसरवणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. अफवेने काय होतं हे धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने दाखवलंय. तिथे १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध माणसांना मारलं.

तरीही ऐकलं नाही तर?

अ‍ॅडमिन चुकूही शकतो, पक्षपातही करू शकतो. तेव्हा दुसऱ्या अ‍ॅडमिनशी बोला. तेही जमलं नाही तर गाजावाजा न करता बाहेर पडा. आता ग्रुप सोडल्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते. पर्सनल चॅटचे स्क्रीनशॉट मात्र दुसऱ्या ग्रुपवर टाकू नका. एकदा ते केलंत की पुढच्या वेळी तुमच्याशी कोणी मोकळेपणाने बोलणार नाही.

आणि बिबट्या खरंच दिसला असेल तर अ‍ॅडमिनच्या परवानगीची वाट बघू नका. वन खात्याची हेल्पलाइन १९२६ आहे. आधी तिथे फोन करा, शेजारच्या वस्तीला हाक मारा. अ‍ॅडमिनशी असलेला वाद नंतर मिटवता येईल.