समीक्षेची दुहेरी निष्ठा

पॉल स्वीझी आणि लिओ ह्यूबरमन यांनी १९४९ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेले 'मंथली रिव्ह्यू' हे समाजवादी मासिक अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्याच्या उभारणीसाठी वारसाहक्काने मिळालेला पैसा देणारे एफ. ओ. मॅथिसन हे मात्र हार्वर्डमधील साहित्यसमीक्षक होते. त्यांचे महत्त्व समजण्यासाठी अमेरिकन समीक्षेचा त्यापूर्वीचा प्रवास पाहिला पाहिजे.

१९२९ च्या महामंदीनंतर ही समीक्षा डावीकडे वळली. 'न्यू मासेस' हे नियतकालिक आणि ग्रॅनव्हिल हिक्स यांचा 'द ग्रेट ट्रॅडिशन' (१९३३) हा ग्रंथ ही तिची ठळक उदाहरणे. साहित्य वर्गसंबंधांच्या संदर्भात वाचावे, हा तिचा आग्रह रास्तच होता. परंतु लेखकाची राजकीय भूमिका तपासली की साहित्यकृतीचे मूल्यमापन संपले, अशी वृत्ती तिच्यात बळावली. पुढे मॉस्कोचे खटले आणि १९३९ चा हिटलर-स्टालिन करार यांनी हा प्रवाह विस्कटला. हिक्स यांनीही त्याच वर्षी पक्ष सोडला.

मोकळी झालेली जागा नवसमीक्षेने व्यापली. तिचे अध्वर्यू रॅन्सम, टेट आणि वॉरन यांनी १९३० साली जुन्या दक्षिणेच्या शेतीप्रधान समाजरचनेची उघड तरफदारी केली होती. तरीही त्यांच्या पद्धतीत एक लोकशाही गुण होता. १९४४ च्या कायद्याचा लाभ घेऊन लाखो माजी सैनिक महाविद्यालयांत आले. ग्रंथालयांचा वारसा नसलेल्या त्या तरुणांना समोरची कविता बारकाईने वाचण्याचे साधन या पद्धतीने दिले. मात्र इतिहास वर्गाबाहेर राहिला. १९४९ साली मुसोलिनीच्या इटलीतून नभोवाणीवर प्रचार करणाऱ्या एझरा पाउंड यांना बोलिंगेन पारितोषिक मिळाले, तेव्हा या अलिप्ततेची किंमत उघड झाली.

मॅथिसन यांनी दोन्ही एकांगीपणा नाकारले. 'अमेरिकन रेनेसान्स' (१९४१) मध्ये त्यांनी मेल्व्हिल, व्हिटमन आदी पाच लेखकांची भाषा आणि रचना यांचा सूक्ष्म अभ्यास केला. लोकशाहीच्या शक्यतांवरील निष्ठा हा या पाचही जणांना जोडणारा धागा आहे, असेही त्यांनी ठामपणे मांडले. १९५० साली त्यांनी आत्महत्या केली. शीतयुद्धाच्या त्या काळात अशा समीक्षेला विद्यापीठांत फारसे वारस उरले नव्हते.

समाजवादी कार्यकर्त्यांनी यातून एक बोध घ्यावा. कलाकृतीचे बारकावे प्रतिगाम्यांच्या हवाली करून केवळ लेखकाचा पक्ष विचारणारी चळवळ शेवटी साहित्यही गमावते आणि वाचकही. नीट वाचणे हीदेखील बांधिलकीच आहे.