दोराचे दुसरे टोक

सोलापूर-मराठवाड्याकडील जुन्या गावांत ज्वारीचे पेव, म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार, उघडण्याची एक रीत असे. तोंडावरची फरशी सारून व मातीचा लेप खरवडून ते बराच वेळ वाऱ्याला मोकळे ठेवावयाचे, मग दोरीला बांधलेला पेटता कंदील आत सोडावयाचा, आणि ज्योत मालवली तर घरात दाणा नसला तरी कोणी आत उतरावयाचे नाही. ज्योत तेवत राहिली तरीही जाणती माणसे उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधीत आणि त्याचे दुसरे टोक वर कोणाच्या तरी हाती देत. पुढे पेवे बुजत गेली व त्यांच्याबरोबर ही रीतही. तिच्यामागचे कारण मात्र बुजलेले नाही.

दाणा हा निर्जीव जिन्नस नव्हे. बंद जागेत तो स्वतः, आणि ओल लागल्यास त्यावरची बुरशी, प्राणवायू शोषून कार्बन डायऑक्साइड सोडीत राहतात. हा वायू हवेहून जड असल्यामुळे तळाशी साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि ज्या कोंडलेल्या हवेत कीड मरून ज्वारी वर्षानुवर्षे टिकते, त्याच हवेत उतरलेला मनुष्य हाक मारण्यापूर्वी कोसळतो. असे अपघात पुष्कळदा एका बळीवर थांबत नाहीत, ही त्यांतली सर्वांत करुण गोष्ट होय. बाप पडला म्हणून मुलगा उतरतो, मुलगा पडला म्हणून शेजारी धावतो, आणि पंचनाम्यात ‘गुदमरून आकस्मिक मृत्यू’ एवढे तीन शब्द लिहून दप्तर मिटते.

पेवाची जागा घेणाऱ्या पोलादी कोठ्यांत, ज्यांना सायलो म्हणतात त्यांत, सापळा निराळा आहे. तळाचे दार उघडून धान्य वाहू लागले की त्यावर उभा असलेला मनुष्य चार-पाच सेकंदांत गुडघ्यापर्यंत रुततो आणि अर्ध्या मिनिटाच्या आत दिसेनासा होतो. ओलीने आळलेला वरचा थर खालच्या पोकळीवर छतासारखा धरलेला असेल, तर तो पायाखाली मोडतो. भिंतीला चिकटलेली धान्याची दरड अंगावर येते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात माउंट कॅरोल येथे 2010 च्या जुलैत मक्याच्या कोठीत 14 वर्षांचा एक मुलगा असाच ओढला गेला आणि त्याला वाचवू पाहणारा 19 वर्षांचा सोबतीही त्याच मक्यात गेला. देश निराळा, धान्य निराळे. दुसरा बळी मात्र तोच, वाचवावयास धावलेला.

हे टाळावे कसे, हे कायद्याला ठाऊक नाही असे नाही. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 36 व्या कलमाने अपायकारक वायू असण्याचा संभव असलेल्या टाकीत वा खड्ड्यात उतरणाऱ्यासाठी एकतर जागा निर्धोक असल्याचा जाणकाराचा लेखी दाखला, नाहीतर श्वसनाचे साधन आणि दोर बांधलेला पट्टा आवश्यक ठरविला, व त्या दोराचे मोकळे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे असेही बजावले. पेवाची जुनी रीत जणू कलमबद्धच झाली. पण ती कारखान्याच्या फाटकाशी थांबली. मळणीयंत्रात हात तुटू लागले तेव्हा केंद्र सरकारने 1983 साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. पेव हे यंत्र नव्हे, म्हणून ते त्याच्याही नजरेत आले नाही. अमेरिकेतही 1987 च्या अखेरीस धान्यहाताळणीचे नियम झाले खरे, परंतु दहा वा त्याहून कमी मजूर असलेल्या शेतावर असल्या नियमांच्या अंमलबजावणीसाठी केंद्रीय पैसा खर्चू नये, अशी अट तेथील विधिमंडळ अर्थसंकल्पात घालीत आले आहे.

शेताच्या बांधावर सरकारी निरीक्षकांची आणखी एक फौज उभी करावी, असे आम्ही म्हणणार नाही. तिच्या जाचाची धास्ती शेतकऱ्याला मृत्यूइतकीच वाटेल, आणि ती अगदीच अनाठायी नाही. परंतु 2023 साली केंद्राने गावोगावच्या सहकारी सोसायट्यांमार्फत 700 लाख टनांची साठवणक्षमता उभारण्याची योजना मंजूर केली आहे. ज्या पैशातून कोठी उभी राहते, त्याच पैशातून पट्टा, दोर, हवा फेकणारा पंखा आणि आतला माणूस वर येईपर्यंत तळाच्या यंत्राला लावावयाचे कुलूप यांची तरतूद व्हावी, व त्यावाचून अनुदानाचा शेवटचा हप्ता मिळू नये. धान्य नीट वाळवून भरावे, म्हणजे ते आळणार नाही आणि आत उतरण्याची वेळच क्वचित येईल. कंदील मालवला तर धोका निश्चित, पण तो तेवत राहिला म्हणून निर्धास्त होता येत नाही. यास्तव प्राणवायू मोजणारे एक यंत्र सोसायटीच्या कपाटात असावे, व ते मागणाऱ्यास अर्जफाट्याविना मिळावे.

शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर राज्य सरकार वारसाला दोन लाख रुपये देते; ते द्यावेतच. पण जुन्या रीतीत दोर धरणारा वरच राही. खालचा पडला तर तो दोर ओढी, चारजणांना हाक घाली, स्वतः उडी घेत नसे. ते टोक धरणारा माणूस गावोगाव पुन्हा उभा करावयाचा आहे. आणि त्याला दोन लाख रुपये लागत नाहीत.