दस्तरखानाचं माप

मगरिबची नमाज संपते आणि मोहल्ल्यातल्या मशिदीच्या अंगणातला इफ्तारचा दस्तरखान उचलला जातो. उचलला जातो म्हणजे गुंडाळला जातो. पूर्वी दस्तरखान कापडाचा असायचा, झटकून, घडी घालून ठेवायचा. आता तो पातळ प्लास्टिकच्या रोलचा असतो. त्यावरच्या डिश, कागदी कप, अर्ध्या प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्या, खजुराच्या बिया, कलिंगडाच्या साली आणि उरलेली भजी असं सगळं त्याच्याच पोटात घालायचं, चार टोकं बांधायची, की काम फत्ते. पाच मिनिटांत अंगण लख्ख. ती गाठोडी मात्र बाहेरच्या कोपऱ्यावर रात्रभर पडून राहतात, कुत्री ती फाडतात आणि सकाळी सफाई कामगार बाई ओलं-सुकं हाताने वेगळं करत बसते. रोजा आपला, सवाब आपला आणि निस्तरणारी ती.

इस्लाममध्ये पाकी-सफाईला किती महत्त्व आहे, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. वाटेवरची त्रास देणारी वस्तू बाजूला करणं हासुद्धा सदका आहे, ही हदीस मदरशातल्या लहान मुलालाही पाठ असते. वाटेवर ती वस्तू आपणच ठेवत असू तर त्याला काय म्हणायचं, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला सहसा विचारत नाही.

हा विषय रमजानमध्येच काढण्याचं एक साधं कारण आहे. एरवी माणसाला सवय बदल म्हटलं की तो दहा सबबी सांगतो. पण चाँद दिसला की त्याच रात्री आख्खी वस्ती आपलं घड्याळ बदलते. पहाटे चारला उठते, दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही. पान-तंबाखूवाला माणूससुद्धा तेरा-चौदा तास तोंड कोरडं ठेवतो. इतकी ताकद ज्या समाजात आहे, त्याला थर्माकोलची प्लेट सोडवत नाही हे मला पटत नाही. सोडवत नाही असं नाही, ठरवलेलं नाही.

इसराफ हा शब्द आपल्याकडे वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे. मराठीत त्याला उधळपट्टी म्हणतात, पण उधळपट्टी म्हटलं की डोळ्यापुढे पैसा येतो. इसराफचा अर्थ त्याहून मोठा आहे. जे वापरायला मुभा आहे, तेसुद्धा हद्दीबाहेर वापरणं म्हणजे इसराफ. सूरह आराफच्या एकतिसाव्या आयतीत खाण्यापिण्याची परवानगी आणि इसराफची मनाई एका श्वासात आली आहे. म्हणजे प्रश्न हराम गोष्टींचा नाहीच. प्रश्न हलाल गोष्टींच्या मापाचा आहे.

आणि माप म्हटलं की मला मुद्द आणि साअ आठवतात. रसूलुल्लाह (स.) एका मुद्दभर पाण्यात वुजू करत आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल, असं बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आलं आहे. चार मुद्दांचा एक साअ. मुद्द म्हणजे साधारण पाऊण लिटरच्या आसपास, हनफी हिशेबाने थोडं जास्त. हाच साअ आपण ईदच्या आधी फितरा काढताना वापरतो: गहू अर्धा साअ, खजूर, जव किंवा मनुका असतील तर पूर्ण साअ. गरिबाच्या हक्काचं धान्य आणि स्वतःच्या वुजूचं पाणी एकाच मापाच्या हिशेबात आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. फितऱ्याचा हिशेब आपण मौलानांना विचारून रुपया-पैशापर्यंत करतो. पाण्याचा कुणी विचारत नाही.

यंदा मी घरी नळाखाली बादली ठेवून पाहिलं. नेहमीसारखा, नळ चालू ठेवून केलेला वुजू सहा-सात लिटरवर गेला. टोंटीच्या लोट्याने, ज्याला आपल्याकडचे बुजुर्ग बधना म्हणतात, तोच वुजू लिटरभरात झाला आणि कुठे कोरडं राहिलं नाही. एका वुजूमागे पाच लिटर वाचले असं धरा. समजा मोठ्या मशिदीत दिवसभरात मिळून हजार वुजू होतात. पाच हजार लिटर झाले, म्हणजे एक छोटा टँकर. मराठवाड्यात टँकर म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना कदाचित समजावून सांगावं लागेल, इथे नाही. जायकवाडीसारखं धरण उशाला असूनही आपल्या शहरातल्या कित्येक वस्त्यांना नळाच्या पाण्यासाठी दिवस मोजावे लागतात. ज्या आया-बहिणी ड्रम भरून ठेवतात त्यांना प्रत्येक तांब्याचा हिशेब माहीत असतो. त्यांचेच मुलगे मशिदीत नळ पूर्ण सोडून डोक्यावर मसह करताना दिसतात, जिथे फक्त ओला हात फिरवायचा असतो!

आणि हे शहर कोणतं? मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेली खडकी, आजचं छत्रपती संभाजीनगर. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींतून इथे आणणारा तो सुलतानी काळातला माणूस. पाणचक्कीचा हौद आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. त्या पाण्यावर जातं फिरायचं आणि दर्ग्यातल्या फकीर-मुसाफिरांसाठी पीठ निघायचं. एकाच पाण्याकडून दोन-दोन कामं करून घेण्याची ही अक्कल आपल्याच वारशात आहे. वुजूच्या पाण्यात साबण नसतो. ते गटारात सोडण्याऐवजी मशिदीच्या आवारातल्या झाडांना वळवायला एका प्लंबरचं एक दिवसाचं काम पुरतं. नवीन मशिदीचे नकाशे होत असताना संगमरवर कुठला यावर तासभर चर्चा होते. त्यातली पाच मिनिटं या नळीला द्यायला हरकत नाही.

आता खाण्याकडे येऊ. इथे बोलताना मला जरा सांभाळून बोलावं लागतं, कारण समोशावर टीका केली की मित्रसुद्धा तुटतात.

हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीनुसार प्यारे नबी (स.) ताज्या खजुरांनी रोजा सोडत, त्या नसल्या तर सुक्या खजुरांनी, त्याही नसल्या तर पाण्याच्या काही घोटांनी. मग नमाज. आपला इफ्तार भज्यांनी सुरू होतो, समोशावर जातो, लाल-गुलाबी शरबतावर थांबतो आणि तरावीहच्या आधी पुन्हा बिर्याणीला बसतो. नाक्यावरच्या कढईतलं तेल पहिल्या रोजाला जे ओतलं, त्यातच भर घालत पुढचे रोजे जातात. वारंवार तापवलेल्या तेलात घातक घटक तयार होतात, म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून त्याची मर्यादा ठरवून दिली आहे: टोटल पोलर कंपाऊंड्स 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. ते मोजायचं यंत्र कढईवाल्याकडे नसतं. पण काळपट रंग, फेस आणि तापायच्या आधीच निघणारा धूर हे कुणालाही दिसतं.

शरबताचं तसंच. सिरप म्हणजे बहुतांशी साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि पाच टक्क्यांवर आली तर उत्तम. हे पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसासाठी साधारण 25 ग्रॅम, सहा चमचे. कोलाची अडीचशे मिलिलीटरची एक बाटली हा कोटा एका बैठकीत संपवते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीने देशात 10 कोटी 10 लाख मधुमेही आणि 13 कोटी 60 लाख त्या उंबरठ्यावरचे लोक असल्याचं सांगितलं. यातले आपल्या दस्तरखानावर किती, हे मोजायला लांब जावं लागत नाही. घरोघरी अम्मी किंवा अब्बा गोळी घेऊन रोजा धरतात आणि इफ्तारला “आज तो चलता है” म्हणत दोन ग्लास शरबत पितात. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआनने सूरह बकराच्या 184 आणि 185 व्या आयतींत दिली आहे. बोटाच्या थेंबाने साखर तपासल्यास रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलमा सांगतात. डॉक्टरला विचारून गोळ्यांच्या वेळा बदलून घेणं हे कमजोर ईमानाचं लक्षण नाही.

मग खायचं काय? महागडी फळं आणि पाकीटबंद ओट्स मी सांगणार नाही. उकडलेले काळे हरभरे, कांदा-लिंबू-कोथिंबीर. सब्जा घातलेलं लिंबूपाणी, ताक. या दिवसांत बाजारात कलिंगड, खरबूज, पपई, द्राक्षं आहेतच. ती इथलीच आहेत, परदेशातून पाकिटात आलेल्या किवीपेक्षा स्वस्त आणि ताजी. सहरला फेणी-खजल्याऐवजी ज्वारीची भाकरी आणि दही. भाकरी हळू पचते, दुपारपर्यंत साथ देते. मराठवाड्यातल्या मुसलमानाला भाकरी खा म्हणून कुणी बाहेरच्याने सांगावं लागावं, ही जरा लाजेचीच गोष्ट. आपल्या दादी-नानीचे सगळे रोजे ज्वारीवर गेले.

एक गोष्ट इथे नमूद केली पाहिजे. “घरात तळण कमी करा, कचरा वेगळा करा, प्लास्टिक आणू नका” हे उपदेश शेवटी जाऊन बसतात ते बाईच्या डोक्यावर. तीही रोजेदार असते. अस्र ते मगरिब कढईपुढे उभी तीच असते आणि मापात रांधलं तर “इतकंच?” हे तिलाच ऐकावं लागतं. म्हणून सुरुवात घरातल्या चुलीपासून नको, मशिदीच्या कमिटीपासून व्हावी. तिथे निर्णय पुरुष घेतात, खरेदी ठोक होते आणि दोनशे माणसांची सवय एका ठरावाने बदलते.

कमिटीवाल्यांची अडचण ठरलेली असते: भांडी धुणार कोण? नांदेडला सचखंड हुजूर साहिबच्या लंगरमध्ये जाऊन बघावं. स्टीलची ताटं, आणि ती धुवायला उभे राहणारे सेवेकरी. आपल्यातल्याच दाऊदी बोहरा जमातीत एका मोठ्या थाळभोवती बसून जेवायची रीत आहे; अन्न वाया जाऊ नये हे बघायला त्यांची दाना कमिटी असते. आपल्याकडेही दावतीला एका खोंच्यात चौघांनी जेवणं काही अनोखं नाही. दोनशे माणसांना पन्नास मोठी ताटं पुरतात, आणि इफ्तारनंतर ती धुवायला दहा तरुण पुरेसे आहेत. ज्या पोरांना तरावीहपर्यंत कट्ट्यावर मोबाइल घेऊन बसायचंच आहे, त्यांना हे काम सांगून बघा. मी कॉलेजात रोज त्याच वयाच्या मुलांमध्ये वावरतो. खरी जबाबदारी दिली तर ही मुलं मागे हटत नाहीत.

ताटं जमत नसतील तर पळसाच्या पानांची पत्रावळ आणि द्रोण. घेताना उलटून बघावी, कारण पत्रावळ म्हणून विकली जाणारी बरीचशी चंदेरी मुलाम्याच्या कागदाची असते आणि तो मुलामा प्लास्टिकचाच. कागदी कपाच्या आतही तसाच थर असतो. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या डिशवर महाराष्ट्राने 2018 मध्येच बंदी घातली, 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकच्या प्लेट, ग्लास, चमचे देशभर बंद झाले. तरी ते मिळतात, हे खरं. गणेशोत्सवात शाडूच्या मूर्तींवरून आपले शेजारी दरवर्षी आपसात वाद घालतात. निदान ते वाद घालतात. आपण अजून विषयच काढलेला नाही.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, जकातीतून वाटल्या जाणाऱ्या राशन किटबद्दल. त्यातली यादी पाहा: स्वस्तातलं पामतेल, वनस्पती तूप, साखर, मैदा, मैद्याच्या शेवया, सिरपची बाटली. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत आणि वर देणाऱ्याचं नाव. स्वतःच्या घरी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आपण तेल बदललं, साखर कमी केली. आणि जिचा नवरा हातगाडी ओढतो तिच्या घरी तेच पाठवतो जे आपण सोडलं. सूरह बकराच्या 267 व्या आयतीत, जे स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही असं निकृष्ट देण्यासाठी निवडू नका, असा इशारा आहे. गरिबाच्या घरात मधुमेह आला तर गोळ्यांचा खर्च पुन्हा जकातीतूनच मागावा लागतो, हा हिशेबही कुणीतरी करावा.

बहुतेक कमिट्यांची किटची ठोक खरेदी येत्या आठवड्यात होईल. किराणा दुकानदाराकडे यादी जाण्याआधी तिच्यात पाच किलो ज्वारी, तूरडाळ, हरभरे, शेंगदाणे, दोन लिटर शेंगदाणा किंवा करडईचं तेल आणि शीरखुर्म्यापुरती साखर-शेवया असा बदल करता येतो. किटची किंमत थोडी वाढेल. शंभराऐवजी नव्वद किट झाले म्हणून ओरडही होईल. त्या दहा किटचा खर्च भरून काढायला मोठ्या इफ्तार पार्टीचं एक बॅनर कमी केलं तरी चालण्यासारखं आहे. पिशव्या मोहल्ल्यातल्या शिलाई मशीनवाल्या बहिणींकडून जुन्या चादरींच्या शिवून घ्याव्यात. ईदच्या तोंडावर त्यांच्याही हातात चार पैसे येतील, आणि पिशवीवर कुणाचं नाव छापायचं हा प्रश्नच येणार नाही.