प्रयोग कोणाच्या शेतावर?

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यातील डाळिंब उत्पादकाला ‘तेल्या’ हा शब्द उच्चारला तरी धडकी भरते. पानाफळांवर तेलकट डाग उमटले की हातातोंडाशी आलेला बहार डोळ्यांदेखत जातो. पानाचे छायाचित्र पाहून रोग ओळखणारे आणि फवारणी सुचवणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन या शेतकऱ्याला हवेच आहे. राज्य शासनाने जून २०२५ मध्ये ‘महाअ‍ॅग्री-एआय’ धोरण मंजूर करून ५०० कोटी रुपयांची तरतूद केली, तीही शेतीत हे तंत्रज्ञान यावे म्हणूनच. प्रश्न आहे तो अशा साधनाच्या कच्च्या अवस्थेचा. त्याची चाचणी घेणाऱ्या उद्योगाला कोणत्या नियमांतून, किती काळ मोकळीक द्यायची?

अशा तात्पुरत्या मोकळिकीला ‘रेग्युलेटरी सँडबॉक्स’ म्हणतात. वाळूत खेळणारे मूल पडले तरी त्याला लागत नाही, ही मूळ कल्पना. (भीमेच्या काठी वाळू म्हटले की भलतेच खेळ आठवतात, तो भाग निराळा!) ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने २०१६ मध्ये ही पद्धत सुरू केली, रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये आपली चौकट जाहीर केली. त्या चौकटीत एक गोष्ट फार मोलाची आहे. ग्राहकाविषयीचे दायित्व चाचणी घेणाऱ्या कंपनीवरच राहते आणि त्यासाठी तिला पुरेसा विमा उतरवावा लागतो. बँकेच्या खातेदाराला मिळणारे हे संरक्षण डाळिंबाच्या बागेला का नसावे?

सवलत मुळातच नको, असे म्हणणे आत्मघाताचे ठरेल. बहुराष्ट्रीय कंपनीच्या पदरी वकिलांची फौज असते. सोलापुरात दोन खोल्यांत धडपडणाऱ्या तरुण अभियंत्याकडे ती नसते. परवान्यांच्या जंजाळात पहिला बळी जातो तो या स्वदेशी उद्यमशीलतेचा. नोव्हेंबर २०२० मध्ये हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’ला कृषी संशोधनासाठी ड्रोन उडविण्याची सशर्त सूट मिळाली, ती जास्तीत जास्त सहा महिन्यांची होती. पुढच्याच वर्षी देशाला नवे, सुटसुटीत ड्रोन नियम मिळाले. सवलत अशी असावी!

याउलट अमेरिकेत सिनेटर टेड क्रूझ यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये मांडलेल्या विधेयकात दोन-दोन वर्षांची सूट वाढवत दहा वर्षांपर्यंत नेण्याची सोय आहे. दहा वर्षांत डाळिंबाची अख्खी बाग म्हातारी होते. याला तात्पुरते कसे म्हणावे? आपल्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही, तो लागू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत, कोणत्याही कंपनीला ठरावीक काळापुरती सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. तो जपून वापरला पाहिजे. कारण पानाच्या छायाचित्रासोबत शेतकऱ्याचे नाव, मोबाइल क्रमांक आणि शेताचे ठिकाणही कंपनीच्या हाती जात असते.

सोलापूरजवळ केगाव येथे २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. कच्च्या साधनाची पहिली परीक्षा तेथील झाडांवर व्हावी, कर्ज काढून बहार धरलेल्या बागेवर नव्हे. अर्ज, परवाने, विलंब यांतून खुशाल सूट द्यावी. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यातून मात्र मुळीच नाही. आणि ज्याच्या शेतात चाचणी व्हायची, त्याच्याशी आधी लेखी करार व्हावा. त्यात नुकसानभरपाईची रक्कम आणि सवलत संपण्याची तारीख स्वच्छ मराठीत नमूद असावी, आणि तो कागद बहार धरण्यापूर्वीच त्याच्या हाती पडावा.